सोलर बसवण्याआधी: गच्ची, कोटेशन आणि इन्स्टॉलर

कवडसा
नमस्कार मंडळी. घरावर सोलर बसवायचं बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं, आता मनावर घेतलंय. दुमजली घर, वर सपाट गच्ची, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी जिन्याची खोली.

तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्ही वाचून डोकं जास्तच फिरलंय. पहिल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो मागवला आणि लगेच ५ किलोवॉटचं कोटेशन पाठवून दिलं. गच्ची त्याने पाहिलेली नाही. दुसरा येऊन टेपने लांबी-रुंदी मोजून गेला, त्याचं ४ किलोवॉटचं आलं. तिसरा बराच वेळ वरच होता. टाकीची उंची मोजली, मीटरपाशी फोटो काढले, पावसात गच्ची गळते का ते विचारलं, आणि जाताना 'वर्षभराची बिलं पाठवा, मग आकडा सांगतो' म्हणाला. त्याचं ३ किलोवॉटचं आलं.

पॅनेलच्या कंपन्या तिघांच्या तीन. आता ३ घ्यायचं की ५? कंपनी कुठली? आणि माणूस यायच्या आधी आपण काय करून ठेवायचं? ज्यांनी बसवलंय त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

गोमटी
वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ चालू आहे.

तारजोड
कवडसाताई, कंपनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी बिलं काढा, बारा महिन्यांची. रकमेकडे बघू नका, युनिट बघा. एकाच महिन्याचं बिल बघून आकार ठरवणारा माणूस अंदाज करत असतो, कारण उन्हाळ्यात एसी-पंखे आणि थंडीत गिझर यांनी वापर कुठच्या कुठे जातो.

हिशोब सरळ आहे. समजा वर्षाचे ३६०० युनिट होतात. १ किलोवॉट पॅनेलमधून चांगल्या उन्हाच्या प्रदेशात वर्षाला साधारण १३०० ते १५०० युनिट मिळतात, ढगाळ हवेच्या किंवा उत्तरेकडच्या थंड देशांत १००० किंवा त्याहूनही कमी. तुमच्या जागेचा आकडा इन्स्टॉलरला विचारूच नका, स्वतः काढा. जागतिक बँकेचा 'ग्लोबल सोलर अ‍ॅटलास' फुकट आहे, नकाशावर घरावर बोट ठेवलं की आकडा येतो. १४०० आला तर ३६०० ला २.६ किलोवॉट लागतील. म्हणजे तिसऱ्याचं ३ जमतंय असं दिसतं. ५ वाल्याने कशाच्या आधारावर सांगितलं ते त्यालाच विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असेल.

यात पुढच्या दोन-चार वर्षांत वाढणारा वापर धरा. इलेक्ट्रिक गाडी, इंडक्शन, आणखी एक एसी. पण 'असू दे, मोठंच बसवू' करण्याआधी तुमच्या वीज कंपनीचा जादा युनिटांचा नियम वाचा. काही ठिकाणी दिवसा दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून सरळ वजा होतं. काही ठिकाणी तुमचं युनिट स्वस्तात घेतात आणि त्यांचं महागात देतात. दुसरा प्रकार असेल तर मोठ्या प्लांटमध्ये गुंतवलेला पैसा फिटायला फार वेळ लागतो. तिथे प्लांट मोठा करण्यापेक्षा वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गिझर दुपारी लावायची सवय जास्त कामाची.

मीटरमामा
त्याच्या जोडीला तीन गोष्टी मीटरच्या. मंजूर भार किती आहे ते बिलावर असतं. प्लांट त्याहून मोठा असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी भार वाढवून घ्यावा लागतो. सिंगल फेज आहे की थ्री फेज ते बघा, त्यावर इन्व्हर्टर ठरतो (इथे बॅटरीवाला नव्हे, तर पॅनेलमधली एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज घरात चालणाऱ्या, दिशा बदलणाऱ्या एसी विजेत बदलणारा डबा). आणि मीटर कोणाच्या नावावर आहे? हे शेवटी कळलं तर सगळं तयार होऊन, घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या नव्या मीटरसाठी अडकून बसतं.

कवडसा
मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. :(

मीटरमामा
मग ताई, नाव बदलायचा अर्ज आजच करा. पॅनेल नंतर.

विटकरी
मी बांधकामातला, विजेतलं मला फार कळत नाही. पण सोलरच्या धाग्यांवर गच्चीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

पॅनेल २५ वर्षं राहणार. तुमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तेवढं टिकणार आहे का? नाही टिकत. सांगाडा उभा राहिल्यावर त्याच्या पायांमधून वाकून कोबा काढणं किंवा मेम्ब्रेन टाकणं म्हणजे मजुरांचे हाल आणि काम अर्धवट. मग पॅनेल उतरवायची, परत चढवायची, तो खर्च वेगळा. म्हणून गळती असो-नसो, एका पावसाळ्यात छताला खालून ओल येते का ते बघा. गच्चीवर पाणी साचून राहतं का, ते पाऊस थांबल्यावर तासाभराने जाऊन बघा. जे करायचं ते आधी करा.

वजनाची लोक उगाच धास्ती घेतात. हल्लीचं मोठं पॅनेल साधारण २.३ मीटर बाय १.१ मीटर, वजन ३० किलोच्या आसपास. सांगाडा धरून चौरस मीटरला १५-२० किलो पडतं. नीट बांधलेल्या स्लॅबला ते काहीच नाही. खरी भीती वाऱ्याची. तिरकं पॅनेल वाऱ्यात खालून उचललं जातं, आणि ते जेवढं उंच तेवढा जोर जास्त. 'खाली कपडे वाळत घालता येतील' म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा हवा असेल तर खुशाल करा. पण मग त्याचं डिझाइन कोणी केलंय, वाऱ्याचा किती वेग धरलाय, हे कागदावर मागा. इन्स्टॉलर 'आम्ही असेच लावतो साहेब' म्हणाला तर थांबा.

पाय रोवायच्या दोन पद्धती. एक, स्लॅबला भोक पाडून अँकर बोल्ट. दोन, गच्चीला हात न लावता वर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय अडकवणं. बुटक्या सांगाड्याला दुसरी पद्धत बरी, मात्र ठोकळ्याचं वजन वाऱ्याच्या हिशोबाने हवं, डोळ्याने नव्हे. उंच सांगाड्याला अँकर लागतोच, आणि तिथे प्रत्येक भोकाला केमिकल भरून वर ठोकळा ओतून पुन्हा वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं. हे कोटेशनमध्ये लिहून हवं. आणि ठोकळे पाण्याच्या उताराच्या वाटेत येऊ देऊ नका, नाहीतर गच्चीत तळं होतं.

सांगाड्याचं लोखंड बघून घ्या. पूर्ण तयार करून मग वितळलेल्या जस्तात बुडवलेलं असेल तर थर जाड बसतो, ५० ते ८० मायक्रॉन. आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याचे चॅनेल असतात त्यांवर थर २० च्या आसपास. दोन्हीला दुकानात 'जीआय'च म्हणतात! गच्चीवर येऊन कापाकापी आणि वेल्डिंग करणारा असेल तर त्या जागचं जस्त गेलं, पहिल्या पावसात तांबेरा दिसतो. कापलेल्या टोकांना झिंकचा मुलामा लावतो का, एवढं उभं राहून बघा.

पागोळी
विटकरी, अगदी अगदी. आमचं उतरतं कौलारू छप्पर. ज्यांनी काम केलं त्यांची माणसं कौलांवरून बिनधास्त चालली, फुटलेली कौलं पॅनेलच्या खाली झाकली गेली. पावसात माजघरात धार लागली तेव्हा कळलं. फोन केला तर 'कौलं आमच्या कामात येत नाहीत'. करारात खरंच नव्हतं. शेवटी दुसऱ्या माणसाकडून चार पॅनेल उतरवून दुरुस्त करून घेतलं.

उतरत्या छपराच्या लोकांनी एक करा: त्याच मापाची, त्याच घाटाची जादा कौलं आधी आणून ठेवा. जुन्या घाटाची नंतर मिळत नाहीत. आणि सांगाडा धरणारा हूक कौलाखालच्या वाशाला बसतो, कौलाला नाही. हूक जिथून बाहेर येतो तिथे कौल जरा खरवडून घ्यावं लागतं, नाहीतर ते हुकावर टेकून तडकतं.

विटकरी
आणि सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यावर चढू नका, ड्रिल तर मुळीच नको. ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही. आधी छप्पर बदला.

गोमटी
आमचा प्रश्न सावलीचा आहे. शेजारचं झाड दुपारनंतर गच्चीच्या एका कडेवर येतं. इन्स्टॉलर म्हणतो 'थोडीशी सावली आहे, थोडंसं कमी मिळेल'. खरं आहे का?

तारजोड
गोमटी, सावलीचं गणित असं सरळ नसतं. पॅनेलमधले सेल आणि ओळीतली पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच करंट वाहतो. एका सेलवर सावली पडली की त्याचा करंट पडतो आणि तो बाकीच्यांना अडवतो. म्हणून पॅनेलच्या मागच्या डब्यांत साधारणपणे तीन बायपास डायोड असतात, ते अडलेला एक-तृतीयांश भाग वळसा घालून सोडून देतात. म्हणजे तळहाताएवढ्या सावलीत पॅनेलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. हल्ली अर्ध्या कापलेल्या सेलची पॅनेल येतात, त्यांत वरचा आणि खालचा भाग समांतर असतो, त्यामुळे नुकसान थोडं आटोक्यात राहतं, इतकंच.

आता सावली कधी बघायची? आज दुपारी बारा वाजता बघून उपयोग नाही. वर्षातला सगळ्यात लहान दिवस धरा, उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबर. त्या दिवशी भर दुपारी सूर्याची उंची ९० उणे तुमचा अक्षांश उणे २३.५. अक्षांश २० असेल तर ४६.५ अंश. म्हणजे ३ मीटर उंच टाकीची सावली दुपारीच २.८५ मीटर लांब, आणि सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब आणि तिरकी. कवडसाताई, तुमच्या तिसऱ्या माणसाने टाकीची उंची का मोजली ते आता लक्षात आलं असेल.

झाड हलवता येत नसेल आणि सावली रोजची असेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (एका पॅनेलपुरता छोटा इन्व्हर्टर) किंवा ऑप्टिमायझर (सावलीतलं पॅनेल बाकीच्यांना अडवणार नाही असं करणारा डबा). खर्च वाढतो आणि ही नाजूक वस्तू गच्चीवर, तापल्या पॅनेलखाली बसते. म्हणून आधी बघा, त्या कडेची दोन पॅनेल नकोच केली तर काय बिघडतं?

शंकासुर
मला एक सांगा, एवढं सगळं करायचं तर लोकांनी नोकऱ्या सोडायच्या का? पॅनेल पॅनेल असतं. सगळ्यात स्वस्त देईल त्याला काम द्या आणि मोकळे व्हा. अमेरिकेतल्या बेल लॅब्सने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल दाखवला, ६ टक्के कार्यक्षमता. आज बाजारातलं कुठलंही बरं पॅनेल २१-२३ टक्के देतं. २१.५ आणि २२.५ मध्ये घोळ घालत बसण्यात काय हशील आहे?

तारजोड
शंकासुर, अर्धं तुमचं बरोबर आहे. गच्चीवर जागा भरपूर असेल तर कार्यक्षमतेतल्या त्या एका टक्क्याला काही अर्थ नाही, त्याने फक्त पॅनेलला लागणारी जागा किंचित कमी होते. नावाजलेल्या कुठल्याही दोन कंपन्यांत तुम्हाला बिलात फरक दिसणार नाही. फक्त आयईसी (विजेच्या वस्तूंची आंतरराष्ट्रीय मानकं) ६१२१५ आणि ६१७३० ही दोन प्रमाणपत्रं त्या मॉडेलची आहेत का ते बघा. समुद्राजवळ राहत असाल तर ६१७०१, ती खाऱ्या हवेची चाचणी.

उरलेलं अर्धं चुकतंय. पॅनेल कारखान्यातून तपासून येतं. बिघडतं ते गच्चीवर जोडलेलं: सांगाडा, केबल, कनेक्टर, अर्थिंग. आणि स्वस्त कोटेशनात पैसे कुठून वाचवलेले असतात? पॅनेलमधून नाही, त्याचा भाव सगळ्यांना जवळपास सारखाच पडतो. वाचतात ते नेमके याच चार गोष्टींतून.

म्हणून माझं मत: पॅनेलची कंपनी कमी महत्त्वाची, बसवणारा जास्त. आणि बसवणारा ओळखायचा तो कोटेशनच्या आधी तो काय विचारतो यावरून, आणि कोटेशनमध्ये काय लिहितो यावरून.

कोटेशनमध्ये 'उत्तम दर्जाची केबल' लिहिलेलं असेल तर ते वाक्य काहीच सांगत नाही. 'डीसी केबल ४ चौरस मिलिमीटर, कथिलाचा मुलामा असलेलं तांबं, ईएन ५०६१८ प्रमाणे' असं हवं. इन्व्हर्टरचं मॉडेल नंबरासकट हवं, नुसतं कंपनीचं नाव नाही. पॅनेल किती, किती वॉटची, कशी ओळीत जोडणार याचं एका पानाचं चित्र हवं. त्याला सिंगल लाइन डायग्राम म्हणतात. जो माणूस ते काढत नाही तो बसवताना गच्चीवर उभा राहून ठरवणार, हे नक्की.

ओळीत पॅनेल किती हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. मोठ्या पॅनेलचं उघडं (म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ५० च्या आसपास, म्हणजे आठ पॅनेलच्या ओळीचं ४००, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी त्याहून जास्त. ते इन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेच्या आत राहिलं पाहिजे. 'तुम्ही सगळ्यात कमी तापमान किती धरलं?' एवढं विचारा. ज्याने हिशोब केलाय तो लगेच आकडा सांगेल.

आता माझा आवडता प्रश्न. पॅनेलच्या केबल जोडायला एमसी४ जातीचे काळे कनेक्टर असतात. त्यातली पिन केबलवर दाबून बसवायला वेगळा क्रिंपिंग टूल येतो. इन्स्टॉलरला म्हणा, 'जरा तुमचा क्रिंपर दाखवा बरं.' पिशवीतून टूल काढून दाखवणारा आणि 'पक्कड आहे ना' म्हणणारा, दोघांतला फरक पंधरा वर्षं दिसत राहतो. पकडीने दाबलेली पिन वरून छान दिसते, आत तारेला नीट धरत नाही. तिथे उष्णता होते, प्लास्टिक मऊ पडतं. तसंच एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी 'बसतंय की' म्हणून जोडायची नाही. बसतं, पण मापात केसभर फरक असतो आणि तोच पुढे जळतो.

डीसीचं वैशिष्ट्य असं की ठिणगी एकदा पेटली की सहजासहजी विझत नाही. घरातल्या ५० हर्ट्झच्या एसी विजेत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला मरायची संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही. घराच्या डोक्यावर ४०० व्होल्ट डीसी आहे आणि ऊन असेपर्यंत ते पॅनेलच्या बाजूने बंद करता येत नाही.

शंकासुर
क्रिंपर बघायला मागणं हे भारी आहे. मी करणार. माझ्या प्लंबरलाही काहीतरी असंच विचारायला हवं. ;)

नभ_आले
तारजोडना +१. वॉरंटीबद्दल कोणी लिहीत नाहीये. आम्हाला '३० वर्षं वॉरंटी' सांगितली आहे.

तारजोड
ती कामगिरीची. म्हणजे ३० वर्षांनीही मूळ क्षमतेच्या इतके टक्के देईल अशी हमी, ८०-८७ च्या घरात असते. पहिल्या वर्षी एक-दोन टक्के उतरतात, मग दरवर्षी अर्धा टक्का किंवा किंचित कमी. ही हमी वापरायची वेळ सहसा येत नाही, कारण घसरण सिद्ध करायला मोजमाप करून द्यावं लागतं. खरी उपयोगी पडते ती वस्तूची वॉरंटी: काच तडकली, मागचा पडदा सोलवटला, डबा जळला. ती १२ ते २५ वर्षं असते. इन्व्हर्टरची बहुधा ५ ते १०, आणि सगळ्यात आधी बिघडतो तो इन्व्हर्टरच. आणि तिसरी, जी कागदावर नसतेच: बसवण्याच्या कामाची. पॅनेल बदलून मिळालं तरी ते उतरवायची-चढवायची मजुरी कोण देणार? ते इन्स्टॉलरकडून लिहून घ्या.

मीटरमामा
एक गैरसमज आत्ताच काढून टाका, नाहीतर घरात भांडणं होतात. वीज गेली की सोलरही बंद होतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ग्रिड (वीज कंपनीचा पुरवठा) गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत थांबायचं असतं. तो दोष नाही. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड (म्हणजे बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी. आत्ता बॅटरी नको असेल पण पुढे वाटलं तर, असा विचार असेल तर इन्व्हर्टर घेतानाच ठरवा. आणि बॅटरीवर काय काय चालणार तेवढीच सर्किटं वेगळी काढावी लागतात, ती वायरिंगची तोडफोड रंग देण्याआधी करून घ्या.

गोमटी
म्हणजे वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी नुसत्या ग्रिडवाल्या सोलरचा उपयोगच नाही?

मीटरमामा
बिल कमी होईल. पंखा फिरणार नाही. आणि जेवढा वेळ दिवसा वीज नाही तेवढं उत्पादनही नाही, हे हिशोबात धरा.

कवडसा
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. प्रिंट काढून ठेवतेय.

तुमचे प्रश्न घेऊन तिघांना फोन केले. ५ किलोवॉटवाला 'मॅडम तुम्ही टेक्निकलमध्ये कशाला जाता' म्हणाला. त्याचं नाव खोडलं. दुसरा चांगला बोलला, पण सांगाडा गच्चीवरच वेल्डिंग करणार. तापमान किती धरलं यावर 'इन्व्हर्टर बघून घेतो ते' असं उत्तर. तिसऱ्याने आकृती पाठवली आहे, दोन ओळी ऐवजी एकच ओळ का, तेही लिहिलंय. पण तो थोडा महाग आहे आणि निम्मे पैसे आधी मागतोय.

तारजोड
'टेक्निकलमध्ये कशाला जाता' हे उत्तर मी कुठेतरी फ्रेम करून लावणार आहे.

निम्मे आधी मागण्यात वावगं नाही, माल त्याला रोख घ्यावा लागतो. फक्त टप्पे कामाला बांधा. थोडा भाग करार करताना, मोठा भाग माल घरी आल्यावर आणि पॅनेलचे नंबर कोटेशनशी ताडून झाल्यावर, पुढचा भाग बसवून झाल्यावर, आणि जाणवेल एवढी रक्कम नवं मीटर लागून प्लांट सुरू झाल्यावर. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. अर्ज, तपासणी, मीटर यात बहुतेक ठिकाणी वेळ जातो आणि पैसे सगळे पोचले असतील तर त्या कामाला कोणी धावत नाही.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी चाचण्यांचा कागद मागा. आयईसी ६२४४६ मध्ये यादी आहे, चांगल्या माणसाला माहीत असते. प्रत्येक ओळीचं व्होल्टेज मोजून लिहिलेलं, धन-ऋण बरोबर तपासलेलं, इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओम, अर्थिंगचा रोध. 'केल्या आहेत चाचण्या' असं तोंडी नको, आकडे हवेत. आकाशात वीज कडाडल्यावर तारांतून येणाऱ्या झटक्याने यंत्रं जळू नयेत म्हणून सर्ज प्रोटेक्शन डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना हवं, आणि सांगाड्याचं अर्थिंग खाली जमिनीपर्यंत गेलेलं तुमच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

नभ_आले
आणि ताई, इन्व्हर्टरच्या अ‍ॅपचं खातं तुमच्या ईमेलवर उघडून घ्या. बऱ्याचदा इन्स्टॉलर आपल्या खात्यात तुमचा प्लांट टाकतो आणि तुम्हाला पाहुण्यासारखं बघायला देतो. उद्या त्याचा धंदा बंद झाला की तुमची सगळी जुनी नोंद त्याच्याकडेच राहते. वायफायचा पासवर्ड किंवा राउटर बदलला की अ‍ॅप मुकं होतं, ते परत कसं जोडायचं तेही त्याच दिवशी समोर बसवून शिकून घ्या.

पागोळी
तो पॅनेलवर उभं राहून धुवा असं सांगेल तर ऐकू नका हं. आमच्याकडे सांगितलं होतं.

तारजोड
अजिबात नको. काच फुटत नाही म्हणून लोक चढतात. आतल्या सेलला केसासारख्या चिरा जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि उत्पादन हळूहळू कमी होतं. बसवणारी पोरं पॅनेलवर गुडघे टेकताना दिसली तरी हटका. धुवायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. त्यासाठी गच्चीवर नळ आणि ओळींमध्ये माणूस जाईल एवढी वाट हवी. आकृतीत ती आहे का बघा.

आणि सुरू झाल्यावर पहिल्याच दुपारी 'तीन किलोवॉटचं घेतलं, अ‍ॅपवर २.४ च दिसतंय' म्हणून धागा काढू नका. :) पॅनेलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला, २५ अंश तापमानाचा आणि चौरस मीटरला १००० वॉट उजेडाचा. उन्हाळ्यात पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला साधारण ०.३ टक्के उतरतं. म्हणजे तिथेच दहा-बारा टक्के गेले. धूळ, केबल, इन्व्हर्टर यांचे आणखी. उन्हाळ्याच्या रणरणत्या दिवसापेक्षा हिवाळ्यातल्या स्वच्छ गार दुपारी आकडा चढा दिसला तर नवल वाटू देऊ नका.

शंकासुर
पॅनेलचं तोंड कुठल्या दिशेला?

तारजोड
विषुववृत्ताच्या उत्तरेला राहत असाल तर दक्षिणेला, दक्षिणेला राहत असाल तर उत्तरेला. तिरकेपणा अक्षांशाच्या जवळपास. दहा अंशांपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते आणि तीच सावलीचं काम करते.

कवडसा
तिसऱ्यालाच द्यायचं ठरतंय. एक शेवटचा प्रश्न. इन्व्हर्टर तो गच्चीवर पॅनेलखाली लावू म्हणतोय, केबल कमी लागते म्हणे. माझ्या मनात जिन्याच्या खोलीत आतून लावावा असं आहे. काय बरोबर?

तारजोड
जिन्याची खोली. इन्व्हर्टर पाण्याला चालतो असं कागदावर असलं तरी तापला की स्वतःहून उत्पादन कमी करतो आणि आतले कॅपॅसिटर लवकर म्हातारे होतात. ऊन न लागणारी भिंत, वर-खाली-बाजूंना कंपनीने सांगितलेली मोकळी जागा, खिडकी उघडी राहील अशी. पलीकडच्या भिंतीला कोणी झोपत नाही ना ते बघा, दुपारी बारीक गुणगुण येते. वायफाय तिथवर पोचतं का ते आधी फोन घेऊन जाऊन तपासा. डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडायचा खटका) हात पोचेल अशा उंचीवर, आणि कुठला खटका आधी पाडायचा ते ठळक अक्षरांत लिहून भिंतीला.

विटकरी
आणि ताई, टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप कुठे सोडलाय ते बघा. बऱ्याच घरांत तो जिन्याच्या खोलीच्या भिंतीलगतच सोडलेला असतो आणि भिंत कायम ओली राहते. इन्व्हर्टरचे स्क्रू मारायच्या आधी तो वळवून घ्या.